पंखा आधी फिरला

१

खांबावरून किंकाळी आली त्या क्षणी ताई खुशीत होती, आणि नेमकी हीच गोष्ट नंतर तिला कोणापुढे बोलता येईना.

वेळ भर दुपारची. ती फाटकाबाहेर धावली तेव्हा गल्लीच्या टोकाच्या खांबावर वायरमन कमरेच्या पट्ट्याला लटकत होता. मान एका बाजूला कलंडलेली, दोन्ही हात लोंबणारे, एक बूट गळून रस्त्यात पडलेला. खाली त्याचा जोडीदार शिडी धरून वेड्यासारखा ओरडत होता, "लाइन बंद आहे! अहो, मी माझ्या हाताने फ्यूज काढलेत! बंद आहे लाइन!" आणि खरोखरच ते फ्यूज त्याच्या शर्टाच्या खिशात होते.

बंद लाइनने माणूस भाजत नाही. शेंबड्या पोरालाही कळतं हे.

दोर आले, माणसं धावली, कसंबसं त्याला खाली उतरवलं. श्वास चालू होता. हातांकडे मात्र कोणाला बघवेना. शेवटच्या घरातून त्याची बायको आली, आली कसली, कोसळलीच. गल्ली तिला पिल्लूवहिनी म्हणते, कारण ती अंडी उबवायची विजेची पेटी घरात ठेवते आणि कोंबडीची पिल्लं विकते. आत्ताही तिच्या बाहीला पिवळी लव चिकटली होती. हातांना पेट्रोलचा वास येत होता, पण त्या दुपारी तो अख्ख्या गल्लीलाच येत होता. लाइट गेली की इथे जनरेटरांची घरघर सुरू होते आणि माणसाला माणसाचं ऐकू येत नाही.

गाडी वायरमनला घेऊन गेली. धूळ खाली बसली आणि माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. तोंड उघडलं ते शिंप्याने. गळ्यातली मोजपट्टी दोन्ही हातांनी ताणत तो म्हणाला, "लाइन वरून बंद होती. मग वीज खालून आली, कोणाच्या तरी घरातून. आता मला सांगा, या गल्लीत सूर्य कोणी छपरावर बांधून ठेवलाय?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. ताईच्या छपरावर बारा काळ्या काचा उन्हात लखलखत होत्या. ताईने मात्र वर पाहिलं नाही, कारण शिंप्याला जे नुसतं वाटत होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

२

ताई वाचनालयात ग्रंथपाल. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय पुढे न जाणारी बाई. औषधाच्या बाटलीतली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा ती उलगडून शेवटपर्यंत वाचायची. नवरा परगावी नोकरीला, घरात ती आणि सासरे. बाबांची फुप्फुसं थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र गुरगुरायचं, आणि विजेचं बिल दर महिन्याला फुगायचं. म्हणून सौर.

सहा महिने तिने डोकं फोडलं. एक जण बॅटरीवालं द्यायला निघाला होता: लाइट गेली तरी घर चालू, पण किंमत ऐकून बाबा म्हणाले, "त्यापेक्षा मीच श्वास कमी घेतो." दुसरा सरकारी लाइन तोडून टाकायला सांगत होता, चार दिवस ढग आले तर काय, यावर त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. तिसरा गोडबोल्या. हे नाव बाबांनी ठेवलेलं. त्याचं सौर लाइनला जोडलेलं, बॅटरी नाही. दिवसा काचांची वीज घर वापरणार, उरलेली लाइनवर जाणार, आणि दोन्हीकडे मोजणारं मीटर त्याचा हिशेब ठेवणार. साधं आणि परवडणारं.

"पण लाइट गेली तर?" ताईने विचारलं होतं. "पुस्तिकेत लिहिलंय, लाइन गेली की यंत्र बंद पडतं."

"ताई, पुस्तिका काय, भित्र्या लोकांनी लिहिलेली असते," गोडबोल्या हसत म्हणाला होता. "डोक्यावर सूर्य असताना घरात अंधार? तुम्हीच बघाल."

ताईने पुस्तिकेवर विश्वास ठेवला आणि बाबांसाठी आणखी एक भरलेला सिलिंडर आणून ठेवला. पण मनात कुठेतरी गोडबोल्याचं बोलणं खरं निघावं असं तिला वाटत राहिलं. खोटं कशाला सांगा?

मीटर बसून आठवडाही झाला नव्हता आणि त्या दिवशी पहिल्यांदा लाइट गेली. जिन्याखाली बसवलेल्या सौरच्या यंत्रावरचा हिरवा दिवा लाल झाला. पंखा थांबला, बाबांचं मशीन थांबलं. ताईने सिलिंडर लावला आणि गोडबोल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग दुपारी, बाबांच्या अंगावरचा घाम ती टिपत असताना, पंखा आपोआप फिरायला लागला.

ती जिन्याखाली धावली. यंत्रावरचा दिवा अजून लालच होता. ती बघत उभी राहिली, आणि जरा वेळाने तिच्या डोळ्यांदेखत तो हिरवा झाला. बाहेर लाइन तर बंद होती, खांबावर माणूस काम करत होता. म्हणजे गोडबोल्या खरं बोलला होता! ती लहान मुलीसारखी ओरडली, "बाबा, आपल्या सूर्यावर पंखा चालला!"

तेवढ्यात किंकाळी आली. पंखा थांबला, दिवा लाल झाला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्युत निरीक्षकबाई आल्या. पन्नाशीच्या, जाडजूड, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांची एक खोड ताईच्या लगेच लक्षात आली. कुठल्याही वायरजवळ जाताना त्यांचा डावा हात आपोआप खिशात जायचा.

"दोन्ही हात पुढे केले की वीज एका हातातून शिरते आणि दुसऱ्यातून निघते. वाटेत काळीज असतं," त्या म्हणाल्या. "कालच्या माणसाचे दोन्ही हात भाजलेत. जगला हे नवल."

त्यांनी जिन्याखाली जाऊन घराचा मेन स्विच पाडला. यंत्रावरचा दिवा डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल. मेन वर केला. बऱ्याच वेळाने हिरवा. त्यांनी हे तीनदा केलं.

"यंत्र शहाणं आहे. लाइन मेली की लगेच झोपतं," त्या पुटपुटल्या. मग ताईकडे वळल्या. "काल लाइट गेल्यावर घरात काही चालू झालं होतं?"

 हो म्हटलं तर? पोलीस, सील, छपरावरच्या काचा उतरवलेल्या, आणि गल्लीत कायमचं नाव पडणार, माणूस भाजणारी बाई. आणि वायरमन गेलाच तर? कालपासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आपण वाचून, विचारून, पारखून घरात मरण आणून बसवलं, हे एकच तिच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

आतून बाबा खोकले. एरवीचा खोकला नव्हता तो.

निरीक्षकबाईंनी चष्मा पुसला. "मग काहीतरी जुळत नाही. शिंपी म्हणतो, त्याच्या आरशावरचा दिवा काल दुपारी थोडा वेळ पेटला होता. म्हणजे लाइन जिवंत झाली होती. इथे कोणीतरी खोटं बोलतंय." त्या थांबल्या. "मला घाई आहे हो. कालचा तारेचा सांधा अर्धवट राहिलाय, ठिणग्या टाकतोय. तार तुटून रस्त्यावर पडायच्या आत तो पक्का करायला हवा. उद्या सकाळी पुन्हा लाइन बंद होणार आणि जोडीदार वर चढणार. तोवर मला कळलं नाही तर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते ताईने मनातल्या मनात पुरं केलं.

४

"तुम्हीही चला माझ्याबरोबर," निरीक्षकबाई म्हणाल्या. "सगळ्यांचा राग तुमच्यावर. तुम्ही समोर असलात की लोक माझ्यापासून काही लपवायचं विसरतात."

पहिलं दुकान औषधवाल्या काकांचं. काकांनी छाती पुढे काढून भिंतीवरची मोठी दांडी दाखवली. "ही वर केली की लाइन, खाली केली की जनरेटर. दोन्ही एकदम होऊच शकत नाही. लसी ठेवतो मी फ्रिजमध्ये, चेष्टा नाही." निरीक्षकबाईंनी डावा हात खिशात घालून दांडी वरखाली केली, पाठीमागचं झाकण उघडून पाहिलं आणि मान डोलावली.

"किंकाळी आली तेव्हा तुमचा जनरेटर चालू होता?"

"होता, आणि नंतरही होता. गाडी गेल्यावर आठवण झाली तेव्हा बंद केला."

शिंप्याचा जनरेटर मागच्या पडवीत होता. त्यातून एक लांब वायर खिडकीतून येऊन थेट शिलाई मशीन आणि इस्त्रीला जोडलेली. घराच्या वायरिंगशी तिचा संबंधच नव्हता. "गरिबाची सोय," शिंपी म्हणाला. मग ताईकडे तिरका बघत, "आरशावरचा दिवा मात्र लाइनवरचा. लाइन बंद असताना तो पेटला. आमच्यावर कोणाची तरी कृपा झाली."

"तो पेटला तेव्हा आणखी काही कानावर पडलं?"

शिंप्याने आठवून पाहिलं. "जनरेटरांच्या घरघरीत काय ऐकू येणार? पण हो... किंकाळीच्या लगेच मागोमाग कुठलातरी जनरेटर ठसकल्यासारखा झाला आणि बंद पडला. माझा नाही हं! माझा चालूच होता."

निरीक्षकबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "वायरमनची पक्कड जळलीय. दोन तारांवर आडवी पडली असणार. तेवढ्याने छोटा जनरेटर गुदमरतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण औषधवाल्याचा बंद पडला नाही. तुमचा पडला नाही." आणि पुढे चालू लागल्या.

शेवटचं घर वायरमनचं. पिल्लूवहिनी इस्पितळातून अंघोळीपुरती आली होती. दारात ताईला पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

"ही कशाला आली? बघायला आली, किती जळलाय ते?" ती किंचाळली. "दोन बोटं काढलीत त्यांची! तुझ्या छपराने माझ्या माणसाचे हात खाल्ले! गल्लीतली लाइट गेली की धावत यायचे गं तुझ्याकडे, म्हाताऱ्यांचं मशीन बंद पडेल म्हणून!"

 ते खरंच होतं. वायरमन यायचा आणि दारातूनच विचारायचा, "बाबा ठीक ना?"

आतून पिल्लांची चिवचिव येत होती, ओली, नुकतीच जगात आलेली. निरीक्षकबाई दिलाशाचे चार शब्द बोलल्या आणि मागे फिरल्या. ज्या घरातला माणूस इस्पितळात पडलाय त्या घराला कोण काय विचारणार? त्यांनीही विचारलं नाही.

५

संध्याकाळी ताई बाबांच्या उशाशी बसली. मशीन गुरगुरत होतं. बाबांनी नाकाची नळी सरळ केली आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, पंखा फिरला होता."

ताई रडायला लागली. कालपासून अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. "बाबा, मी मारलं असतं त्याला. त्या गोडबोल्याच्या नादी लागून मी. पुस्तिकेत लिहिलं होतं, यंत्र बंद पडतं म्हणून. आपलं पडलं नाही. म्हणजे आपलं सदोष आहे, आणि मी ते छपरावर चढवलं."

"असेल. मला त्यातलं काय कळतं?" बाबांना प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागे. "पण उद्या तो दुसरा पोरगा चढणार आहे. तू बोलली नाहीस तर तो आंधळ्यासारखा चढेल. मग मी या हवेवर जगायचं कसं?"

"सौर काढून नेतील. बिल..."

"नेऊ दे की. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं लोक म्हणतात. पण मुठीत निखारा असेल तर?"

 सकाळी सांगू, असं तिने ठरवलं. भित्र्या माणसाची सकाळ नेहमी उद्याचीच असते. तिला डोळा लागला तो पहाटे, आणि जाग आली ती मशीन थांबल्यामुळे. लाइट गेली होती. ठरल्यापेक्षा बरीच आधी.

६

तिने सिलिंडर लावला. खिडकीतून दिसलं, खांबाला शिडी लागलेली होती. तिने पंख्याचं बटण चालू ठेवलं आणि बाबांची काठी त्यांच्या हातात दिली.

"पंखा फिरला तर खिडकीच्या गजांवर जोरात आपटा. थांबू नका."

"जा," बाबा म्हणाले.

ती अनवाणीच धावली. जनरेटरांची घरघर सुरू झाली होती. जोडीदार शिडीच्या चौथ्या पायरीवर होता, खांद्याला साखळी. ती साखळी तारांना अडकवून जमिनीला जोडली की मग लाइन कोणीही जिवंत केली तरी माणूस वाचतो. पण ती अडकवायला आधी वर चढावंच लागतं. परवा "पाच मिनिटांचं तर काम" म्हणून दोघांनी ती खालीच ठेवली होती.

"थांबवा त्याला!" ताईने निरीक्षकबाईंचा दंड धरला. "मी खोटं बोलले! परवा आमच्या घरात वीज आली होती. यंत्र हिरवं झालं होतं. माझ्या सौरनेच..."

निरीक्षकबाईंनी जोडीदाराला हात करून थांबायची खूण केली. मग ताईचे दोन्ही खांदे धरले. "नीट सांगा. पंखा आधी फिरला की दिवा आधी हिरवा झाला?"

"आता त्याने काय..."

"आधी काय?"

ताईने डोळे मिटले. पंख्याचा पहिला वारा. जिन्याखाली धाव. लाल. अजून लाल. मग हिरवा. "पंखा आधी. यंत्र लालच होतं. बऱ्याच वेळाने हिरवं झालं."

निरीक्षकबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अहो, मग तुमच्या छपराने काही केलंच नाही. वीज तुमच्या काचांतून आली असती तर दिवा आधी हिरवा झाला असता आणि मग पंखा फिरला असता. यंत्र झोपलेलं असताना पंखा फिरला, म्हणजे वीज बाहेरून आली, तारेवरून तुमच्या घरात शिरली. तुमच्या यंत्राला वाटलं लाइट आली, म्हणून ते बिचारं जागं झालं. काल हे सांगितलं असतंत तर..." आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे कोणीतरी जनरेटर घराच्या वायरिंगमध्ये घुसवलाय, मेन न पाडता. अख्खी लाइन जिवंत करतोय. आणि आत्ता जनरेटर..."

ठण्ण.

गल्लीच्या मध्यावरून आवाज आला. लोखंडावर लाकूड. ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

"पंखा!" ताई ओरडली. "पंखा फिरला! उतर! हात लावू नको!"

जोडीदार तोवर वरपर्यंत चढला होता. हाताच्या इशाऱ्याचा अर्थ त्याने भलताच घेतला होता. त्याचा उजवा हात साखळी घेऊन तारेच्या वीतभर खाली आला होता. ताईचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला की काठीचा, कोण जाणे. पण तो हात तिथेच थांबला. मग एकेक बोट करत मागे आला. खाली उतरल्यावर तो शिडीच्या पायथ्याशी बसला आणि त्याला उलटी झाली.

काठी वाजतच होती. ज्या बाबांना वाक्य पुरं करायला दम पुरत नाही, ते किती वेळ काठी आपटत होते देव जाणे.

निरीक्षकबाई मात्र हलल्या नाहीत. कान देऊन ऐकत होत्या. "किती जनरेटर चालू आहेत?"

ताईनेही कान दिले. औषधवाल्याचा जाड आवाज. शिंप्याचा खडखडाट. आणि त्यांच्याखाली एक बारीक, सतत, अगदी जवळ.

"तीन," ती म्हणाली.

"आणि आपण काल तपासले दोनच. काखेत कळसा आणि गावाला वळसा," निरीक्षकबाई हळूच म्हणाल्या. "परवा दिवसभर लाइट नव्हती. अंडी थंड पडायला हवी होती. आणि काल त्या घरात पिल्लं चिवचिवत होती."

७

वायरमनच्या घराचं दार उघडंच होतं. अंडी उबवायच्या पेटीत पिवळा दिवा जळत होता आणि काचेमागे एक पिल्लू कवचातून मान बाहेर काढायची धडपड करत होतं. पिल्लूवहिनी पेटीपुढे उकिडवी बसली होती, डोळे रडून सुजलेले. मागच्या दारात छोटा जनरेटर धडधडत होता. त्याची वायर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये घुसली होती. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. बाजारात कुठे मिळत नाही अशी, घरी बनवलेली.

निरीक्षकबाईंनी डावा हात खिशात घातला आणि उजव्याने जनरेटर बंद केला. बाहेर काठीचा आवाज थांबला.

"अहो, बंद काय करताय? शेवटची अंडी फुटतायत!" वहिनी उठली आणि तिने ती वायर मुठीत धरली. "हे काय चालवलंय सगळ्यांनी? परवापासून सगळ्या जगाने..."

"ही वायर कोणी बनवली?" निरीक्षकबाईंनी विचारलं. आवाज फार मऊ होता.

"ह्यांनीच. लाइट गेली की हेच लावतात. ह्यांच्याशिवाय कोणी हात लावत नाही. पण परवा हे खांबावर होते आणि पेटी गार पडत चालली होती, म्हणून मी..."

"ते लावायच्या आधी काय करतात?"

"काही नाही. बाहेर मीटरपाशी जातात, मग आत येऊन लावतात."

"मीटरपाशी काय करतात?"

वहिनीने खांदे उडवले. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, तुला काय करायचंय, मी आहे ना."

खोलीत फक्त पिल्लांचा आवाज राहिला. वहिनीने निरीक्षकबाईंकडे पाहिलं, मग दाराशी भिंत धरून उभ्या असलेल्या जोडीदाराकडे. मग सॉकेटकडे. सॉकेटमधून वर जाणाऱ्या पट्टीकडे, जी भिंतीतून बाहेर जात होती, मीटरकडे, आणि मीटरकडून खांबाकडे. तिची नजर त्या वाटेने सावकाश गेली आणि खांबावर जाऊन थांबली.  

तिने वायर हातातून टाकून दिली, तापलेली असल्यासारखी. "नाही," ती म्हणाली. "नाही ना, ताई? तुमच्या छपरावरूनच आली ना? तुम्ही सांगा ना ह्यांना!"

आणि ताईला त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. दोन दिवस जी भीती तिच्या छातीवर बसली होती ती आता उठून या बाईच्या छातीवर बसायला निघाली होती, आणि तिचं वजन किती असतं हे ताईइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. पण खोटं बोललं तर ही बाई पुढच्या वेळीही वायर लावेल. खांबावर तेव्हा दुसरं कोणी असेल.

ती पुढे झाली, वहिनीचे दोन्ही हात हातात घेतले. "वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "आधी मेन पाडायचा असतो. तेवढंच. कोणी सांगितलं नव्हतं."

वहिनी रडली नाही. त्याचंच ताईला फार भय वाटलं.

वायरमन घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. ती दोन टोकांची वायर त्याने जोडीदाराकडून स्वतःसमोर तुकडे करून घेतली आणि औषधवाल्या काकांकडे आहे तशी दांडी भिंतीवर बसवून घेतली. खुर्चीत बसून तो बायकोला शिकवायचा, "आधी खाली, मग जनरेटर." ती दांडीला हात लावायला तयार नसे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडा त्याने स्वतःच तासला होता, आणि हे तो तिला रोज सांगायचा. तिला ते पटायचं की नाही, कळत नसे.

ताईचं सौर छपरावर राहिलं. गोडबोल्याला तिने एकच फोन केला. त्यात ती काय बोलली ते बाबांनी कानावर उशी घेऊन ऐकलं. आता लाइट गेली की यंत्रावर लाल दिवा लागतो, घरातलं सगळं थांबतं, ती सिलिंडर लावते. पूर्वी तिला या लाल दिव्याचा राग यायचा. आता तो दिसेपर्यंत तिचा श्वास मोकळा होत नाही.

आणि दर वेळी, गल्लीत पहिला जनरेटर सुरू व्हायच्या आत, फाटक वाजतं. पिल्लूवहिनी दारात उभी असते. हात छातीशी घट्ट धरलेले, आत यायला तयार नसलेली.

"ताई, लाल आहे ना?"

"लाल आहे, वहिनी."

"बघून सांगा ना."

ताई उठते, जिन्याखाली जाते, वाकून बघते आणि परत येते.

"बघितलं. लालच आहे."

मग वहिनी घरी जाते आणि दांडी खाली करते.